डासाच्या घरातला भाडेकरू

२०२२च्या जुलैमध्ये मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुढे ढकलला होता. ही कबुली आधी देते, बाकीचं मग सांगते.

मेसेज असा होता : पुद्दुचेरीच्या सरकारी प्रयोगशाळेत डासांच्या अंगात परदेशी जंतू घालून ठेवले आहेत आणि हे डास आता वस्त्यांमध्ये सोडणार आहेत. खाली लाल उद्गारचिन्हं आणि ‘आपल्या लोकांना सावध करा’ अशी ओळ. ‘आपले लोक’ कोण, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. मी वळच्या शाळेतून घरी निघाले होते. पाऊस कोसळत होता, गोदामांच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती, रिक्षा जागची हलत नव्हती. तेवढ्या वेळात मी मेसेज वाचला, घाबरले आणि जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले.

रात्री एकीचं उत्तर आलं. ही मुलगी माझ्याकडे मराठी शिकलेली, तेव्हा मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिने लिहिलं होतं, ‘टीचर, बातमी खरी आहे. पण ते जंतू डेंग्यू थांबवण्यासाठी घातले आहेत. पाठवायच्या आधी तुम्ही पूर्ण बातमी वाचली होती का?’

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवते. उतारा नीट वाचल्याशिवाय खालच्या प्रश्नांना हात घालू नका, हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. त्या रात्री माझ्याच विद्यार्थिनीने तेच वाक्य मला परत केलं, तेही अदबीने.

खरी टोचणी वेगळीच होती. आदल्याच वर्षी, २०२१च्या ऑक्टोबरात, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला डेंग्यू झाला होता. वय नऊ. बहीण शांतीनगरला राहते, नवरा लूमवर कामाला. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरात सगळ्यांनी शुक्र मानला, आणि नेमका तिथून पोरगा खचत गेला. डेंग्यूचं हेच कपट आहे, ताप जाताना धोका येतो. पोट दुखायला लागलं, प्लेटलेट्स घसरल्या, हात-पाय गार पडले. लॉकडाऊननंतर लूम धड सुरू झाले नव्हते. बहिणीने हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. पोरगा वाचला, अल्हमदुलिल्लाह. बांगड्या गेल्या त्या गेल्याच. आणि ज्या आजाराने हे केलं, त्याच आजारावरच्या उपायाबद्दल लोकांना घाबरवणारा मेसेज मी रिक्षात बसून पुढे पाठवला होता.

मग मी वाचायला बसले. त्या मुलीने पाठवलेलं वाचलं, अडलं तिथे तिलाच फोन केला. मी विज्ञानाची नाही, बी.एड.ला माझे विषय भाषा होते. त्यामुळे जे मला कळलं ते भाषेच्या बाईला जसं कळेल तसंच सांगते.

त्या ‘जंतू’चं नाव वोल्बाकिया. हा एक जिवाणू आहे. १९२४मध्ये मार्शल हर्टिग आणि सिमियन वोल्बाक या अमेरिकी संशोधकांनी तो पहिल्यांदा पाहिला, आणि पाहिला तो क्युलेक्स डासात. क्युलेक्स म्हणजे आपल्या गटारांवर वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा, हत्तीरोग पसरवणारा डास. म्हणजे ज्याला मेसेजमध्ये परदेशी जंतू म्हटलं होतं, तो भिवंडीच्या गटारांवरच्या डासांत आधीपासून राहतोच आहे. आपल्या आजी-पणजींना चावलेल्या डासांतही तो होता. माणसाला त्याने काही केल्याचं दिसलेलं नाही. कीटकांच्या जवळपास निम्म्या जातींत तो असावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

भिवंडीच्या माणसाला भाडेकरू काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही. वळला तर निम्मं गाव गोदामांच्या भाड्यावर आहे. वोल्बाकिया हा कीटकाच्या पेशीच्या आत राहणारा भाडेकरू. पेशीबाहेर त्याला फार काळ जगता येत नाही, आणि पुढच्या पिढीत जायचं तर एकच वाट, आईच्या अंड्यातून. नराच्या अंगात तो अडकला तर त्याचा वंश तिथेच संपतो. म्हणून त्याने मादीच्या फायद्याची एक युक्ती केली आहे. जिवाणू असलेला नर आणि जिवाणू नसलेली मादी यांचं मीलन झालं, तर अंडी फुटतच नाहीत. मादीत जिवाणू असेल, तर नर कोणताही असो, अंडी फुटतात आणि सगळी पिल्लं जिवाणू घेऊनच जन्मतात. कुलूप बापाकडून लागतं, किल्ली आईकडे असते. त्यामुळे किल्लीवाल्या माद्यांची संततीच वाढत जाते आणि काही पिढ्यांत साऱ्या वस्तीत हा भाडेकरू पसरतो.

हा प्रकार त्यामागे जिवाणू आहे हे कळण्याआधी जनुकशास्त्रज्ञांना दिसला, याची मला मोठी गंमत वाटली. जर्मनीतल्या माइंझ विद्यापीठात हानेस लावेन नावाचे जनुकशास्त्रज्ञ होते. १९५०च्या दशकात ते निरनिराळ्या गावांतल्या क्युलेक्स डासांचे संकर करत होते. दिसायला एकाच जातीचे डास, पण एका गावचा नर आणि दुसऱ्या गावची मादी एकत्र आणली की अंडी वांझ. यामागे काहीतरी आईकडूनच वारसा म्हणून येतंय, एवढं लावेनना कळलं होतं. ते काय आहे, हे माहीत नव्हतं. तरीही १९६७मध्ये ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो नावाच्या खेड्यात त्यांनी हा प्रयोग उघड्यावर केला. न जुळणारे नर रोज सोडत राहिले, आणि सुमारे तीन महिन्यांत त्या खेड्यातल्या क्युलेक्सची पैदास थांबली. फवारणी नाही, विष नाही. यामागे वोल्बाकिया आहे, हे पुढे १९७१मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेनिस येन आणि राल्फ बार यांनी दाखवलं.

आता डेंग्यूकडे येते. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा वेगळा डास. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, अंडी घालतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. ज्या वस्तीत नळ एक दिवसाआड येतो तिथे प्रत्येक दारात एक पिंप असतं, आणि गोदामांच्या आवारात जुने टायर आणि निळ्या ताडपत्र्यांच्या खळग्यांत साचलेलं पाणी. त्याला आणखी काय हवं? या एडिसमध्ये निसर्गतः वोल्बाकिया नसतो. तो त्यात घालता येईल का, या एका प्रश्नामागे स्कॉट ओनील या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने आपली उमेद खर्च केली. क्वीन्सलँड विद्यापीठात पीएच.डी., मग अमेरिकेत इलिनॉय आणि येल, २००१मध्ये परत ब्रिस्बेन. काम म्हणाल तर असं : मिलिमीटरभरही लांब नसलेलं डासाचं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि केसाहून बारीक काचेच्या सुईने त्यात फळमाशीतला जिवाणू सोडायचा. बहुतेक अंडी मरतात. जगलेल्यांतल्या बहुतेकांच्या पिल्लांत जिवाणू टिकत नाही. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याने अशी हजारो अंडी टोचली, तेव्हा कुठे तो टिकला. ते संशोधन २००९मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यांनी वापरलेल्या जिवाणूची गोष्ट वाचताना मला अचानक एक ओळखीचं दार दिसलं. फळमाशीतल्या वोल्बाकियाचा हा प्रकार १९९७मध्ये कॅलिफोर्नियात सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत सापडला होता. माशीच्या मेंदूत तो इतका माजतो की पेशी लाह्यांसारख्या फुलतात आणि माशी लवकर मरते. म्हणून त्याचं टोपणनाव ‘पॉपकॉर्न’. ओनील यांचा पहिला विचार होता, डासाचं आयुष्य याने कमी करू, कारण डेंग्यूचा विषाणू डासात मुरायला आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी डास मेला तर रोग पुढे जाणार नाही. याच बेंझर यांच्याबरोबर १९७०च्या दशकात आपल्या मुंबईचे ओबैद सिद्दिकी यांनी फळमाशीवर काम केलं होतं. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि थंड झालं की पुन्हा उडणाऱ्या माश्यांवरचा त्या दोघांचा शोधनिबंध १९७६चा आहे.

सिद्दिकी उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले, ग्लासगोचे डॉक्टरेट. होमी भाभांनी त्यांना बोलावून घेतलं आणि १९६२पासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी जीवशास्त्राचा विभाग शून्यातून उभा केला. पुढे व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांच्याबरोबर माशीला वास आणि चव कशी कळते याची जनुकं शोधली. पुढे बंगळूरची राष्ट्रीय जीवविज्ञान संस्था उभारली. १९८४मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, २००६मध्ये पद्मविभूषण मिळालं. २०१३मध्ये बंगळूरला रस्त्यावरच्या अपघातानंतर गेले. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, ‘टीचर, मुसलमान होते?’ हो म्हटल्यावर दुसरा, ‘आणि माशीवर काम करायचे?’ दोन्ही प्रश्नांत सारखंच आश्चर्य होतं. कुलाबा वळहून पन्नास-साठ किलोमीटरवर असेल, पण हे नाव आमच्या मुलांपर्यंत पोचायला मला एका मेसेजची चूक करावी लागली.

पुण्याचंही नाव या कामात आहे. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि मिलिंद पाटोळे यांच्या गटाने आपल्या क्युलेक्स डासाच्या आतड्यातला एक नवा जिवाणू वेगळा करून २००२मध्ये जगापुढे मांडला. याच गटाने सह्याद्रीतल्या फुलपाखरांत कोणकोणते वोल्बाकिया आहेत याचा अभ्यास केला. २०१२च्या त्या शोधनिबंधात अमेरिकेतले वोल्बाकियाचे मोठे अभ्यासक जॉन वेरेन यांच्याबरोबर पुण्याच्या मॉडर्न कॉलेजचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव आहे. फुलपाखरू ओळखणारा माणूस नसेल तर त्याच्या आतला जिवाणू कोणाचा, हे कोण सांगणार? कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचं नाव तिथे पाहून, का कोण जाणे, मला बरं वाटलं.

‘पॉपकॉर्न’ शेवटी कामाचा ठरला नाही. त्याने डास इतके अशक्त होत की उघड्या जगात त्यांचा टिकाव लागेना. पण मधल्या काळात एक अनपेक्षित गोष्ट दिसली होती. ज्या डासात वोल्बाकिया राहतो, त्यात डेंग्यूचा विषाणू नीट वाढतच नाही. आधीच भरलेल्या घरात दुसऱ्या बिऱ्हाडाला जागा मिळू नये तसं. मग डासाला मारायची गरजच राहिली नाही. फळमाशीतलाच दुसरा, सौम्य प्रकार निवडला आणि जानेवारी २०११मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराजवळच्या दोन वस्त्यांत पहिल्यांदा असे डास सोडले. काही महिन्यांत तिथले जवळजवळ सगळे एडिस वोल्बाकियावाले झाले.

इथवर मी हे सगळं विज्ञान म्हणून वाचत होते. केर्न्सबद्दलचा पुढचा भाग वाचला आणि थांबले. डास सोडण्याआधी या लोकांनी त्या वस्त्यांत घरोघर जाऊन चर्चा केल्या होत्या. जत्रेत, बाजारात टेबल मांडून बसले होते. कोणी म्हणालं, तुमच्यावर विश्वास नाही, तर धोका तपासण्याचं काम दुसऱ्या स्वतंत्र संस्थेला दिलं. आणि प्रयोगशाळेतल्या डासांना रक्त लागतं, ते पाजायला ही माणसं स्वतःचे हात पिंजऱ्यात घालत होती. जे आम्ही तुमच्या अंगणात सोडणार, ते आधी आम्हाला चावलं आहे, असं त्यांना सांगता येत होतं.

मला एकदम पोलिओचे दिवस आठवले. २००६-०७ची गोष्ट असेल. शिक्षक म्हणून रविवारी बूथवर ड्युटी, सोमवारपासून घरोघर. काही गल्ल्यांत दारं लागायची. ‘आमच्या पोरांना वांझ करायचा डोस आहे’, हे मी आतून, पडद्याआडून, माझ्याच ओळखीच्या आवाजात ऐकलं आहे. माझ्याबरोबरची एक बाई चिडून म्हणायची, ‘अडाणी आहेत.’ मला ते लागायचं, कारण त्या बाया माझ्या चुलत्या-मावश्यांसारख्या होत्या. मी एक दिवस माझ्या दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन गेले. दारात उभी राहिले आणि आधी त्याच्या तोंडात दोन थेंब टाकले. मग म्हटलं, आता तुमचं बाळ आणा. सगळ्यांनी आणलं असं नाही. पण त्या गल्लीतली बरीच दारं उघडली. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला, आणि २०१४मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. त्या गल्ल्यांचा त्यात वाटा आहे असं मी मानते.

मग तीच मी, पंधरा वर्षांनी, रिक्षात बसून तसलाच मेसेज का पुढे ढकलते? याचं उत्तर मला द्यायला हवं. मधे २०२०चा एप्रिल गेला होता. दिल्लीच्या मरकजनंतर टीव्हीवर आम्हीच रोग असल्यासारखं बोललं जात होतं. भाजीवाल्याला नाव विचारून हाकललं जात होतं. माझ्या अम्मीने तेव्हा मला बुरखा घालून औषध आणायला जाऊ नकोस म्हटलं होतं. जे आपल्याला रोग म्हणाले, ते आपल्या भल्यासाठी डास सोडतील, यावर मन विश्वास ठेवायला तयार नव्हतं. अडाणीपणा नव्हता तो. अविश्वास होता, आणि त्याला कारणं होती. पण कारणं खरी असली म्हणून मेसेज खरा ठरत नाही, एवढं मला वेळेवर सुचलं नाही.

आणि डासांबद्दलचा अविश्वास ही फक्त आपल्या मोहल्ल्याची मक्तेदारी नाही. १९७०च्या सुमारास दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं एक संशोधन केंद्र होतं. लावेन यांच्याच तत्त्वावर तिथे क्युलेक्सवर काम चालू होतं, दिल्लीभोवतीच्या खेड्यांत वांझ नर सोडून पाहिले जात होते. पैसा अमेरिकेचा होता. १९७४मध्ये वृत्तसंस्थेची बातमी आली : हे सगळं जैविक युद्धाची तयारी तर नाही? एडिस डास पीतज्वरही पसरवतो, पीतज्वर भारतात नाही, मग अमेरिकेला आपल्या एडिसचा एवढा अभ्यास कशाला हवा? संसदेत गदारोळ झाला. सोनिपतला १९७५च्या सुरुवातीला एडिस सोडायचा मोठा प्रयोग ठरला होता, तो ऐन वेळी रद्द झाला. संसदेच्या लोकलेखा समितीने कडक अहवाल दिला आणि त्याच वर्षी केंद्र बंद पडलं. शंका घेणारे खासदार होते, संपादक होते, शिकलेसवरलेले होते. वियतनामचं युद्ध नुकतंच सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे शंका हवेतून आली नव्हती. केंद्रातल्या संशोधकांचं काम चांगलं होतं, पण लोकांच्या प्रश्नांना वेळेवर, उघडपणे उत्तर देणारं कोणी पुढे आलं नाही. काम तिथेच थांबलं, डास राहिले.

म्हणून योग्यकर्ताची गोष्ट मी आता जमेल तिथे सांगते. इंडोनेशियातलं हे शहर, जगातल्या सगळ्यात मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशातलं. तिथल्या गजा माडा विद्यापीठातल्या प्राध्यापक आदि उतारिनी यांनी या डासांची आजवरची सर्वांत पक्की चाचणी घडवून आणली. उतारिनी हिजाब घालतात, हे माझ्या विद्यार्थिनींनी फोटो पाहून आधी टिपलं. शहराचे चोवीस भाग केले, चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवड करून बारा भागांत २०१७मध्ये वोल्बाकियाचे डास सोडले, बारा तसेच ठेवले. डास सोडले म्हणजे काय, तर लोकांच्या अंगणात, त्यांच्या संमतीने, डासांच्या अंड्यांची छोटी बादली ठेवली. घरात डास नको म्हणून पाणी ओतून टाकायला ज्यांना आयुष्यभर शिकवलं, त्यांनाच आता डासांची बादली सांभाळा म्हणायचं! त्यासाठी गल्लोगल्ली बैठका झाल्या, वस्तीच्या म्होरक्यांशी बोलणं झालं, भिंतींवर चित्रं रंगवली गेली. मार्च २०२०मध्ये उतारिनींचे पती कोविडने गेले. त्याच वर्षी चाचणीचे आकडे आले. ज्या भागांत डास सोडले होते तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी, आणि डेंग्यूमुळे रुग्णालयात जाण्याची वेळ ८६ टक्क्यांनी कमी. २०२१मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. त्याच इंडोनेशियात २०२३मध्ये बालीच्या लोकांनी मात्र शंका घेतल्या आणि तिथलं डास सोडणं पुढे ढकलावं लागलं. म्हणजे एका शहराची हो म्हणजे दुसऱ्या शहराची हो नव्हे. प्रत्येक दारात नव्याने विचारावं लागतं.

आपल्या पुद्दुचेरीच्या केंद्राने ऑस्ट्रेलियातून आणलेल्या अंड्यांपासून इथल्या एडिसमध्ये वोल्बाकियाचे दोन प्रकार रुजवले, हीच २०२२ची ती बातमी. डास बाहेर सोडायला सरकारची परवानगी लागते. मेसेजमध्ये ‘सोडणार आहेत’ असं होतं, बातमीत परवानगीची वाट पाहत असल्याचं होतं. एवढा फरक मी वाचायला हवा होता.

चार दिवसांनी मी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. मीच लिहिला, मराठीतून आणि उर्दूतून. ‘परवा मी पाठवलेलं चुकीचं होतं. मी न वाचता पाठवलं, माफ करा. खरं असं आहे,’ म्हणून दहा ओळी. पहिला मेसेज किती ग्रुपांवर गेला ते मला कळायला मार्ग नाही. दुसऱ्याला सात अंगठे आले. खोट्याला पंख असतात आणि खरं पायी येतं, हे अब्बा म्हणायचे ते पटलं.

शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारून एक तास मागून घेतला. आवारातल्या एका जुन्या टायरमधलं पाणी काचेच्या बरणीत आणलं. त्यात वळवळणाऱ्या अळ्या पाहायला अख्खा वर्ग टेबलाभोवती जमला. भिंग एकच होतं, त्यावरून भांडणं झाली. एका मुलाने विचारलं, ‘टीचर, मच्छर अल्लाहने बनवलाच कशाला?’ मी म्हटलं, सूरह बकरहमध्ये मच्छराचं उदाहरण आलं आहे, हे तुला मौलवीसाहेबांनी सांगितलं असेल. उदाहरण आहे म्हणजे बघण्यासारखं काही असणार. बघ आधी. तो पुन्हा भिंगाला डोळा लावून बसला. तास संपल्यावर आम्ही बरणी मातीत ओतली आणि आवारातले सगळे टायर उपडे केले. भाडेकरू येईल तेव्हा येईल, तोवर पिंपावर झाकण आणि आठवड्याला एक कोरडा दिवस, याला पर्याय नाही.

बहिणीला मी हे सगळं तिच्या ओट्यावर बसून सांगितलं. पोरगा शेजारी अभ्यास करत होता, कान इकडेच. ती बांगड्या नसलेल्या हाताने मेथी निवडत ऐकत होती. मी म्हटलं, उद्या असे डास आपल्याकडे सोडायचे ठरले, तर तुझ्या दारात बादली ठेवशील? तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मला वाटलं, आता तीही तेच म्हणेल, वांझ, साजिश, काहीबाही. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

‘रख लूंगी, आपा,’ ती म्हणाली. ‘मगर पहले आके पूछेंगे ना?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं की विचारायला आले तर त्यांच्याबरोबर मीही येईन.